स्टेडियममध्ये बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली तुमची आवडती फुटबॉलची चाल कोणती?

कूपरेजकर

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. कारण माझे बाबा. आम्ही लालबागचे. बाबा तरुणपणी रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेचे सामने बघायला कूपरेज मैदानावर जायचे, कधी बसने, पैसे नसले की चालत. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. संघ कोणते, साल कोणतं, शेवटी कोण जिंकलं, यातलं काही त्यांना नीट आठवत नाही. पण एक चाल आठवते. उजवीकडून चेंडू आत आला, मधल्या खेळाडूने पास दिला आणि मागून आलेल्याने जाळ्यात मारला. एवढंच. हे मी लहानपणापासून निदान शंभरदा ऐकलंय आणि सांगताना दर वेळी त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली हलतो.

मला विचारायचंय ते हेच. टीव्हीवर पाहिलेले गोल नकोत, ते आपण सगळ्यांनी सारखेच पाहिलेत. तुम्ही स्टेडियममध्ये होतात, कॅमेरा कुठे बघतोय याच्याशी तुमचा संबंध नव्हता, तुमचे डोळे तुमच्या मर्जीने फिरत होते, तेव्हा दिसलेली एखादी चाल सांगा. गोल झालाच पाहिजे असं नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. ४ जून २०१८, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना, भारत विरुद्ध केनिया. तीनच दिवस आधी त्याच मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं होतं, कर्णधार सुनील छेत्रीची हॅटट्रिक होती आणि बघायला माणसं होती २,५६९. मग त्याने तो व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असं हात जोडून सांगणारा. मी तैपेईच्या सामन्याला गेलो नव्हतो. घर अंधेरीत, सुट्टी मिळण्यासारखी होती, तरी गेलो नव्हतो. व्हिडिओ पाहिला आणि लाज वाटली. केनियाच्या सामन्याचं तिकीट त्याच रात्री काढलं.

सामन्याच्या दिवशी पाऊस असा कोसळला की आझादनगर मेट्रो स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत छत्रीचा काही उपयोग नव्हता. आत गेलो तर स्टँड भरलेले. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. मैदानात जागोजागी पाणी साचलेलं, पास दिला की चेंडू अर्ध्या वाटेत थबकायचा, दोन्हीकडचे खेळाडू त्याच्या पुढे निघून जायचे आणि परत फिरायचे. पूर्वार्धात गोल नाही. उत्तरार्धात छेत्रीला पाडलं, त्यानेच पेनल्टी मारली, लगेच तीन मिनिटांत जेजेचा गोल. सामना हातात आला.

पण माझी चाल त्यानंतरची, भरपाई वेळेतली. छेत्री चेंडू घेऊन गोलकीपरसमोर पोचला आणि त्याने चेंडू उचलून त्याच्या डोक्यावरून आत टाकला. टीव्हीवर ती नुसती सुंदर चिप दिसते. पण आम्ही तिथे दीड तास भिजत बसून बघत होतो की या मैदानावर जमिनीवरून मारलेल्या चेंडूचा भरवसा नाही. साचलेलं पाणी चुकवून जायला हवेतला रस्ता तेवढा उरला होता आणि धावता धावता त्याने तो घेतला. माझ्या शेजारचा मुलगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, ओरडायच्या आधी म्हणाला, "वरून! वरून टाकला!" बरोबर तेच मलाही दिसलं होतं.

आता तुम्ही सांगा.

मंगळवारपेठ_कोल्हापूर

भावा, धागा एक नंबर. तुमच्या वडलांना आमच्याकडून नमस्कार सांगा.

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे तालीम आणि पेठ. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. जन्माला येताना संघ ठरलेला असतो. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दुपारी तीनलाच जागा धरायची, शेंगा आणि चिरमुऱ्यांचा पुडा मांडीवर. आमच्यात ईर्ष्या किती असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सामन्याच्या आदल्या रात्री समोरच्या पेठेतला मित्रसुद्धा फोन उचलत नाही.

मी सांगणार आहे ती चाल माझ्या संघाविरुद्धची आहे. मी दहावीत होतो. आमचा संघ एक गोलने पुढं होता, वेळ थोडीच उरली होती. समोरच्यांचा लेफ्ट विंगर अख्ख्या सामन्यात आमच्या बॅकनं बांधून ठेवलेला. चेंडू मधल्या फळीत होता आणि सगळं स्टेडियम तिकडं बघत होतं. मी पायऱ्यांवर अगदी वरच्या बाजूला होतो म्हणून मला दिसलं, की त्या विंगरनं चेंडूकडं पाठ केली आणि तो उलटा, आपल्याच गोलच्या दिशेनं चालत निघाला. चालत बरं का, पळत नाही. दमल्यासारखा. आमचा बॅक आठ-दहा पावलं त्याच्या मागं आला, म्हणजे आपली जागा सोडून. आणि त्या मोकळ्या जागेत त्यांचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, पळत सुटला. चेंडू थेट तिथंच पडला. गोल.

मी आबांना म्हटलं, "आबा, त्यानं आपल्या बॅकला ओढून नेला!" आबा पाटाकडीलचे कट्टर, त्या वेळी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. पण घरी जाताना बिंदू चौकात थांबून म्हणाले, "तू बघितलास न्हवं? मग आता तुला फुटबॉल कळायला लागला."

पेनल्टींच्या टायब्रेकरला आम्ही हरलो. तो विंगर आता चाळीशी ओलांडलेला आहे, बाजारात दिसतो. मी दर वेळी थांबून हात मिळवतो. त्याच्या पेठेचा नसूनही.

मडगावची_मीनल

फातोर्डा स्टेडियमपासून आमचं घर चालत पंधरा मिनिटांवर. गोव्यात फुटबॉलबद्दल बोलायला लागलं की कोणी थांबत नाही, तेव्हा माझा प्रतिसाद लांबणार, हे आधीच सांगते.

मला दोन रात्री सांगायच्या आहेत. दोन्हीमध्ये सहा वर्षांहून जास्त अंतर, पण माझ्या डोक्यात ती एकच गोष्ट आहे.

पहिली रात्र २० डिसेंबर २०१५. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन, तोही आमच्या घरच्या मैदानावर. महिनाभर आधी याच मैदानावर आम्ही मुंबईला ७-० हरवलं होतं, त्यामुळे शहरात सगळ्यांनी कप आपलाच धरलेला. आमचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्याचाच मुलगा. उत्तरार्धात चेन्नईला पेनल्टी मिळाली. पेलिसारीने मारली, कट्टीमनीने अडवली, आणि उलटून आलेला चेंडू पेलिसारीनेच आत मारला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक थेट जाळ्यात. २-१. माझ्या मागच्या रांगेतले एक काका, पांढरे केस, शर्टाच्या खिशाला क्रूस लावलेला, ते खाली बसून रडायला लागले. आनंदाने.

आणि मग ९० व्या मिनिटाला कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल. दोन मिनिटांनी मेंडोझाचा गोल. ३-२. संपलं.

तो तिसरा गोल झाल्यावर आवाज कसा गेला ते मला सांगता येत नाही. फटाके वाजत असताना कोणी एकदम दार लावून घ्यावं तसं झालं. पुढच्या कित्येक दिवसांत मडगावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, बसमध्ये एकच विषय. आणि त्या विषयात कट्टीमनीचं नाव. लोक काहीबाही बोलायचे. त्याने अडवलेली ती पेनल्टी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती.

दुसरी रात्र २० मार्च २०२२. पुन्हा फातोर्डा, पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना. करोनामुळे दोन हंगाम गोव्यात बंद दाराआड खेळले गेले होते आणि अंतिम सामन्याला प्रेक्षकांना सोडलं. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. केरळची माणसं रात्रभर प्रवास करून आली होती, सगळी केरळच्या नेहमीच्या पिवळ्या रंगात. गंमत म्हणजे मैदानात पिवळी जर्सी हैदराबादची होती आणि केरळचा संघ काळ्या रंगात खेळत होता. स्टेडियम पिवळं, पण ते पिवळं कोणासाठी ओरडतंय हे कानाने ओळखावं लागत होतं.

आणि हैदराबादच्या गोलमध्ये उभा होता लक्ष्मीकांत कट्टीमनी.

राहुल केपीने केरळला पुढे नेलं. ८८ व्या मिनिटाला हैदराबादचा बदली खेळाडू साहिल तावोराने, हाही गोव्याचाच, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून हवेतला चेंडू असा मारला की गोल आहे हे आम्हाला जाळं हलल्यावर कळलं. जादा वेळेत काही झालं नाही. टायब्रेकर.

आता ऐका. केरळची पहिली किक लेस्कोविचची, कट्टीमनीने अडवली. निशू कुमारची अडवली. रेफरीने सांगितलं, तू रेषा लवकर सोडलीस, पुन्हा मारायची. पुन्हा मारली आणि त्याने पुन्हा अडवली! आणि मग जीक्सन सिंगची. तीही अडवली. हालीचरण नार्झारीने शेवटची किक मारली आणि हैदराबाद ३-१ ने जिंकलं.

मी या वेळी गोलच्या मागे, जरा तिरक्या जागेवर होते. तिथून मला मारणाऱ्यापेक्षा गोलकीपर नीट दिसत होता. निशू कुमारची किक परत मारायची असं ठरलं तेव्हा टीव्हीवर रेफरी आणि केरळचे खेळाडू दाखवले असतील. मी कट्टीमनीकडे बघत होते. तो वाद घालत बसला नाही. वळून गोलरेषेवर गेला आणि उभा राहिला. माझ्या मते त्या रात्रीची सर्वांत मोठी चाल तीच. एकदा केलेलं पुसून टाकलं आणि सांगितलं, परत कर. २०१५ नंतर त्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

माझा संघ त्या मैदानात नव्हताच. तरी मी रडले. घरी येताना वाटेत तेच सगळे बार, तीच टपरी, आणि लोक म्हणत होते, "आमचो कट्टीमनी."

राजेंद्रनगर_टू_लोणार

मीनलताई, प्रतिसाद दोनदा वाचला. आणि जीक्सन सिंगचं नाव वाचून अंगावर काटा आला, कारण माझी चाल त्याचीच आहे.

मी तेव्हा दिल्लीत राजेंद्रनगरला यूपीएससीची तयारी करत होतो. सहा बाय आठची खोली, भिंतीवर भारताचा नकाशा, दिवसाला बारा तास अभ्यास. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात आला. भारत पहिल्यांदाच फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात खेळत होता. अमेरिकेकडून पहिला सामना ०-३ हरलो. मला सोबत नव्हती म्हणून दुसऱ्या सामन्याला एकटाच गेलो. ९ ऑक्टोबर, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, कोलंबिया.

संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता हे इथे नोंदवून ठेवतो. मराठी मुलगा विश्वचषकाच्या संघात, ही गोष्ट मी त्या दिवशी शेजारच्या अनोळखी हरियाणवी माणसालासुद्धा सांगितली.

आपली पोरं पूर्वार्धात घाबरून खेळली नाहीत. राहुलचा फटका खांबाला लागून परत आला तेव्हा सगळं स्टेडियम एकदम उभं राहिलं आणि एकदम खाली बसलं. उत्तरार्धात पेन्यालोझाने कोलंबियाचा गोल केला. गोलकीपर धीरज सिंगने त्यानंतर काय काय अडवलं ते सांगायला वेगळा धागा लागेल. ८२ वं मिनिट. कॉर्नर. संजीव स्टॅलिन चेंडू ठेवतोय. मी चेंडूकडे न बघता पेनल्टी क्षेत्रातल्या गर्दीकडे बघत होतो, आणि तेही केवळ मला कोपरा दिसत नव्हता म्हणून, समोर झेंडा होता. त्यामुळे मला जीक्सन दिसला. उंच, मधोमध. चेंडू आला आणि तो सगळ्यांच्या वर गेला. हेडर. फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल.

त्या हरियाणवी माणसाने मला उचललं. खरोखर उचललं, माझे पाय जमिनीवर नव्हते.

पण मिनिटभरातच पेन्यालोझाने पुन्हा गोल केला. आम्ही अजून एकमेकांच्या गळ्यात होतो. २-१ हरलो. कित्येक लोकांना दुसरा गोल झाल्याचं स्कोअर बघून कळलं. तरी परत जाताना मेट्रोत कोणी हरल्यासारखं दिसत नव्हतं. माझी पुढे निवड झाली नाही, मी गावी परत आलो, शेती बघतो आणि शाळेतल्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. कॉर्नर घेताना त्यांना सांगतो, चेंडूकडे सगळेच बघतात, तुम्ही मोकळी जागा बघा.

साडेपाचचा_गजर

धाग्याला विरोध नाही, पण एक शंका. स्टेडियममधून निम्मं काही दिसतच नाही. लांबचा गोल कोणी मारला हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. टीव्हीवर चार कोनांतून रीप्ले मिळतो. मग प्रत्यक्ष बघण्यात खेळ जास्त कळतो, हे खरंच पटतं का तुम्हाला?

नेरूळची_आई

पटतं. आणि रीप्ले नसण्याबद्दलच सांगते.

२५ ऑक्टोबर २०१७, त्याच विश्वचषकाची उपांत्य फेरी, स्पेन विरुद्ध माली, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, शाळेच्या संघात नुकतीच घेतलेली. आम्ही दोघीच गेलो. स्पेन मध्यंतरापर्यंत २-० पुढे, आबेल रुइझचे दोन गोल. मालीची पोरं मात्र थांबत नव्हती, चढाईवर चढाई. आमच्या बाजूचा अख्खा स्टँड मालीचा झाला. का ते सांगता येत नाही, पण झाला. लोक "मा-ली, मा-ली" ओरडत होते, वडापाव हातात धरून.

उत्तरार्धात डुकुरेने लांबून फटका मारला. चेंडू आडव्या बारला लागला, खाली पडला आणि बाहेर आला. आम्ही गोलरेषेच्या जवळजवळ सरळ रेषेत बसलो होतो. चेंडू आत पडला होता. मला दिसलं, मुलीला दिसलं, आजूबाजूच्या सगळ्यांना दिसलं. रेफरीने गोल दिला नाही. खेळ सुरूच राहिला. पुढे फेरान तोरेसने स्पेनचा तिसरा केला, मालीला एकच परत करता आला. ३-१.

घरी येऊन पाहिलं तर टीव्हीवरही तेच, चेंडू रेषेच्या आत. म्हणजे आम्हाला रीप्लेची गरज नव्हती. आमचे डोळे बरोबर होते.

मुलगी त्या रात्री गाडीत गप्प होती. घर जवळ येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, ते रडले नाहीत, लगेच परत खेळायला लागले." आज ती सतरा वर्षांची आहे, डिफेंडर म्हणून खेळते, आणि तिच्याविरुद्ध निर्णय गेला तर हात वर करून वाद घालत नाही. मीनल यांनी कट्टीमनीबद्दल लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं.

दोहावासी

साडेपाचचा_गजर, तुमची शंका बरोबर आहे असं मीही समजायचो. १३ डिसेंबर २०२२ पर्यंत.

कतारमध्ये मला अकरा वर्षं झाली. विश्वचषकाची स्टेडियमं उभी राहताना रोज बसमधून पाहिली. उन्हात काम करणारी माणसं पाहिली, त्यात आपल्या देशातली कितीतरी. त्यामुळे लुसेल स्टेडियममध्ये पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा आनंदाच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं, ते इथे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अर्जेंटिना विरुद्ध क्रोएशिया, उपांत्य सामना. माझी जागा वर, खूप वर. खेळाडू बोटाएवढे. शेजारी मलप्पुरमचा एक माणूस, इथे ड्रायव्हर आहे, अंगात दहा नंबरची जर्सी. मेस्सीची पेनल्टी, मग आल्वारेझने अर्ध्या मैदानातून धावत जाऊन केलेला गोल, असं मध्यंतराला २-०.

६९ वं मिनिट. मेस्सीला उजव्या बाजूला, मधल्या रेषेजवळ चेंडू मिळाला. त्याच्या अंगाला लागून ग्वार्डिओल, वय वीस, तोंडावर काळा मुखवटा, त्या स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू म्हणून सगळे त्याचं नाव घेत होते. मेस्सी पस्तीस वर्षांचा. मेस्सी निघाला, थांबला, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला, गोलकडे पाठ केली, वळला, आणि शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन चेंडू मागे दिला. आल्वारेझने आत मारला.

टीव्हीवर हे मी नंतर वीसेक वेळा पाहिलं असेल. कॅमेरा त्या दोघांवर आहे, आणि असायलाच हवा. पण वरून मला सगळं मैदान दिसत होतं. मेस्सी प्रत्येक वेळी थांबला की क्रोएशियाची अख्खी बचावफळी थांबायची. तो निघाला की ती मागे सरकायची. एका माणसाच्या पायातल्या लयीवर सगळे हलत होते, आणि त्या थांबण्या-निघण्यात आल्वारेझला आत यायला हवा तेवढा वेळ मिळत गेला. आमच्या गावच्या ढोल-ताशा पथकात टोलवाला हात वर धरतो तेव्हा सगळे ढोल त्याच्या हाताकडे बघून थांबतात ना, अगदी तसं.

गोल झाल्यावर मलप्पुरमचा तो माणूस ओरडला नाही. डोक्याला दोन्ही हात लावून तसाच बसला. मग हिंदीत म्हणाला, "भाई, पैसा वसूल नहीं, ज़िंदगी वसूल." मेट्रोत जायच्या रांगेत आम्ही दीड तास एकत्र उभे होतो आणि तो दीड तास आम्ही त्या एकाच चालीबद्दल बोललो.

तेव्हा गजरसाहेब, दिसतं कमी हे मान्य. पण जे दिसतं ते आपण स्वतः निवडलेलं असतं.

साडेपाचचा_गजर

पटलं. मी फक्त एकदाच गेलोय, १९ नोव्हेंबर २०१६ ला अंधेरीत, मुंबई सिटीने केरळला ५-० हरवलं, फोर्लानची हॅटट्रिक. लहान भावाला घेऊन मागच्या रांगेत बसलो होतो आणि अर्धा वेळ त्याला खांद्यावर धरलं होतं. तीन गोलांपैकी एकही नीट पाहिला नाही. पण त्या रात्री त्याच्या तोंडाकडे बघत होतो हे आता तुमचं वाचून आठवलं. परत जाईन.

बँकेतले_नाना

मंडळी, मी सहसा फक्त वाचतो. पण कोलकात्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९९५ ते १९९८ बदलीवर कोलकात्यात होतो. मूळचा सांगलीचा, कुस्ती बघत वाढलेला, फुटबॉलचा गंध नाही. शाखेत अर्धे ईस्ट बंगालचे, अर्धे मोहन बागानचे, आणि सामन्याच्या आठवड्यात एकमेकांना डब्यातलं देत नसत. ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. बाजारात भावसुद्धा त्याप्रमाणे चढायचे.

१३ जुलै १९९७, रविवार, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, सॉल्ट लेक स्टेडियम. एक लाख एकतीस हजार माणसं. मी आयुष्यात एवढी माणसं एका जागी फक्त पंढरपुरात पाहिली आहेत. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आणि त्यांची ती गाजलेली, खेळाडूंना हिऱ्याच्या आकारात उभं करणारी डायमंड रचना, त्यावर वर्तमानपत्रांत पानंच्या पानं. ईस्ट बंगालकडे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी आणि वीस वर्षांचा भायचुंग भुतिया.

ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं, भायचुंगची हॅटट्रिक. गोल सगळ्यांनी पाहिले, त्याबद्दल मी नवीन काय सांगणार? मला आठवतो तो बागानच्या चढाईच्या वेळचा भायचुंग. बागानचे सगळे पुढे गेलेले असत, मैदानाच्या एका अर्ध्यात गर्दी, आणि दुसऱ्या अर्ध्यात जवळजवळ एकटा तो. शेवटच्या बचावपटूच्या अंगाशी. सतत दोन पावलं इकडे, दोन तिकडे. मला कुस्तीची सवय, मी त्याच्या पायांकडेच बघत बसलो. पैलवान पट काढायच्या आधी असाच पायांवर हलका असतो. चेंडू मागून सुटायचा त्या क्षणाला त्याचं शरीर आधीच निघालेलं असायचं. डायमंडने पुढे माणसं लावली, आणि मागे मोकळी पडलेली जमीन त्या पोराने ओळखली होती.

माझ्या डावीकडे आमचे शाखाधिकारी, पक्के बागानवाले. चौथ्या गोलनंतर त्यांनी माझा हात धरला आणि स्टेडियम रिकामं होईपर्यंत सोडला नाही. सोमवारी ते कामावर आले, कोणाशी बोलले नाहीत. दुपारी माझ्या टेबलावर हिल्साचा डबा होता. ईस्ट बंगालवाल्या कॅशियरने आणलेला. तो त्याने साहेबांनाही दिला होता आणि साहेबांनी खाल्ला.

मंगळवारपेठ_कोल्हापूर

नाना, पट काढायच्या आधी पायांवर हलका, हे वाचून उठून उभा राहिलो. आमच्या तालमीत फुटबॉलची पोरं कुस्तीच्या मातीतच वाढली, आबा नेमकं हेच सांगायचे. या हंगामात कोल्हापूरला या. शाहू स्टेडियमवर जागा मी धरतो, मटण घरी.

राजेंद्रनगर_टू_लोणार

मीनलताई, एक विचारायचं राहिलं. जीक्सनची पेनल्टी अडवली गेली तेव्हा तुम्ही गोलच्या मागे होतात. तो कसा होता?

मडगावची_मीनल

कंबरेत वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण मग मी कट्टीमनीकडे बघायला लागले. तुमची दिल्लीची गोष्ट तेव्हा माहीत असती तर त्याच्याकडे थोडं अधिक बघितलं असतं.

कूपरेजकर

काल रात्री सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. मोतीबिंदूमुळे त्यांना फोनवर वाचता येत नाही. नानांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. कोल्हापूरच्या विंगरची गोष्ट आली तेव्हा, "थांब, परत सांग, चालत गेला?" असं म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

मग वर मी लिहिलेली त्यांची चाल त्यांना वाचून दाखवली. उजवीकडून चेंडू आत आला, मधल्याने पास दिला, मागच्याने मारला.

म्हणाले, "पास कुठे दिला?"

मी म्हटलं, बाबा, तुम्हीच इतकी वर्षं सांगताय.

"मी म्हणतो, मधल्याने दिला. दिला म्हणजे जाऊ दिला. चेंडू त्याच्याकडे आला, सगळे त्याच्यावर धावले, आणि त्याने पाय उचलला फक्त. चेंडू खालून गेला. त्याने हातच... पायच लावला नाही रे." आणि खुर्चीखाली उजवा पाय हलला. इतकी वर्षं मला वाटायचं ते फटका मारून दाखवतायत. पाय जमिनीवरून चार बोटं वर उचलला जात होता आणि पुन्हा खाली ठेवला जात होता.

कूपरेजवर अजून सामने होतात का, असं त्यांनी विचारलं. आता गवत कृत्रिम आहे, पण होतात. रविवारी टॅक्सीने घेऊन जातोय. कोणाचा सामना आहे ते अजून बघितलेलं नाही.